पांढऱ्या पेशी रसाने वाढत नाहीत

संपादक साहेब,

नमस्कार. कालच्या आरोग्य पुरवणीतला पांढऱ्या पेशींवरचा लेख वाचला आणि रात्रभर तेच डोक्यात फिरत राहिलं, म्हणून लिहितेय. बीट, गव्हांकुर, पपईच्या पानांचा रस प्या आणि सात दिवसांत पेशी वाढवा, असं तुम्ही चौकट करून छापलंत. आज सकाळी आमच्या मजल्यावरच्या काकूंनी तीच चौकट कापून वन्संसाठी आणून दिली. मायेने दिली, त्यांचा काही दोष नाही, दोष छापणाऱ्याचा.

आमचं घर परळला, त्यामुळे गावाकडून उपचाराला येणारं माणूस आमच्याकडेच उतरतं. मोठ्या वन्सं गेल्या वर्षी चिपळूणहून केमोसाठी आल्या होत्या. दुसऱ्या केमोनंतरचा नववा दिवस, नेमके गणपती बसलेले, आणि सीबीसीत, म्हणजे रक्ताच्या तपासणीत, पांढऱ्या पेशी आल्या ९००. धडधाकट माणसाच्या ४,००० ते ११,००० असतात. नर्सबाईंनी रिपोर्टच्या मागेच गुणाकार करून दाखवला, ९०० मधल्या न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, ३० टक्के म्हणजे फक्त २७०, हा आकडा ५०० च्या खाली असताना ताप आला तर रात्रीचे दोन वाजलेले असोत, निघून यायचं, सकाळची वाट बघायची नाही. बाहेरचा रस आणि कापलेली फळं बंद, सर्दीवालं माणूस घरात नको.

आता गणपतीत परळच्या घरात माणूस नको कसं म्हणणार? दर्शनाला आलेले दोघं शिंकत शिंकत वन्संच्या शेजारी बसून प्रसाद खाऊन गेले आणि मी भिडेपोटी गप्प बसले, ते मला अजून खुपतं. एकीने गव्हांकुराचा रस आणला होता, तो मोरीत ओतला.

दुसऱ्या रात्री १०१ ताप. घसा बघितला, सुई लावलेली जागा बघितली, कुठे लाली नाही, सूज नाही, पू नाही. नाक्यावरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना केमोचं सांगितलं, रिपोर्ट पुढे केला, तर म्हणाले काहीच दिसत नाहीये, व्हायरल असेल, पॅरासिटामॉल द्या. ताप उतरला आणि आम्ही झोपलो. पहाटे हातपाय गार, बीपी खाली. रस्ता बॅरिकेड लावून बंद, टॅक्सी येईना, शेवटी ह्यांनी आणि शेजारच्या पोरांनी खुर्चीत बसवून नेलं, मंडळाच्या मुलांनी रांगेतल्या गर्दीतून दोरी धरून वाट करून दिली.

वॉर्डातल्या डॉक्टरीणबाईंनी जे सांगितलं ते तुमच्या लेखात कुठेच नाही. पू म्हणजे जंतूंशी लढून मेलेल्या न्यूट्रोफिलच असतात बऱ्याचशा, लाली आणि सूज येते तीही पांढऱ्या पेशी तिथे धावून जातात म्हणून. पेशीच नसतील तर जखम बाहेरून स्वच्छ दिसते आणि आत जंतू पसरत असतात. तेव्हा ताप हीच काय ती खूण, आणि ती आम्ही गोळी देऊन दाबून टाकली. लगेच सलाईनमधून अँटिबायोटिक सुरू झालं, पोटात इंजेक्शनं दिली, ती हाडांच्या आतल्या मगजाला पेशी बनवायला लावतात, वन्संची कंबर आणि मांड्या इतक्या ठणकायच्या की त्या रडायच्या. पाचव्या दिवशी काउंट वर आला. आज त्या आहेत, हे देवाचं आणि त्या वॉर्डाचं देणं.

आणि "जितक्या जास्त तितकी इम्युनिटी" हे कुठून आणलंत? ब्लड कॅन्सरमध्ये हाच आकडा लाखाच्या वर जाऊ शकतो आणि तरी माणसाला साधा संसर्ग आवरत नाही, कारण त्या पेशी कच्च्या असतात, कामाच्या नसतात. पपईच्या पानाचं जे काही बोललं जातं ते डेंग्यूतल्या प्लेटलेट्सबद्दल, त्या रक्त गोठवणाऱ्या, त्यांचा न्यूट्रोफिलशी काय संबंध? कृपा करून दुरुस्ती छापा, केमोनंतर ताप आला तर थेट हॉस्पिटल गाठा, एवढी एक ओळ तरी त्याच चौकटीत, त्याच टाइपात.

जाता जाता अजून एक. रविवारचं मुलांचं पान बंद करून तिथे फ्लॅटच्या जाहिराती टाकल्यात ते बरं नाही केलंत. आमच्या घराजवळ हाफकिन इन्स्टिट्यूट आहे, माझ्या नातवाला ते नुसतं बस स्टॉपचं नाव वाटतं. ज्या हाफकिनने मुंबईत प्लेगची लस बनवून १८९७ च्या जानेवारीत आधी स्वतःला टोचून घेतली, तो ओडेसाला मेचनिकॉव नावाच्या शास्त्रज्ञाचा विद्यार्थी होता. आणि मेचनिकॉवने १८८२ मध्ये तारामाशाच्या पारदर्शक पिल्लात गुलाबाचा काटा खुपसून ठेवला आणि सकाळी बघितलं तर पेशी काट्याभोवती गोळा झालेल्या, आपल्या पांढऱ्या पेशी जंतूंकडे धावतात तशाच. त्याच कामासाठी १९०८ चं नोबेल मिळालं. ही गोष्ट मुलांना चित्रासकट छापून द्या, नातू मला वाचून दाखवेल.

आपली,
एक जुनी वाचक, परळ, मुंबई