दोन बेल

भांडुप, मंगळवार रात्र

चि. चिऊस अनेक आशीर्वाद.

उद्या पहाटेची पाळी आहे. तू उठशील तेव्हा मी निघून गेलेला असेन, म्हणून लिहून ठेवतोय. रविवारी कॅम्पवरून आलीस, बूट दारातच काढलेस आणि म्हणालीस, "बाबा, माझं कुणी ऐकतच नाही." मी जेवत होतो. "होईल गं सवय," एवढंच बोललो. ते काही उत्तर नव्हतं. दोन दिवस मनात तेच घोळतंय.

शेवटच्या दिवशी पालकांना बोलावलं होतं, त्यामुळे तो दोरीचा खेळ मी डोळ्यांनी पाहिला. तुम्ही बाराजण, सगळ्यांच्या डोळ्यांवर पट्ट्या, हातात एकच लांब दोरी आणि तिचा चौकोन करायचा. तुला रीत पहिल्याच मिनिटात सुचली. दोरी अर्धी दुमडायची, मग पुन्हा अर्धी, म्हणजे घडी पडेल तिथे कोपरा. अगदी बरोबर होतं. तू ते सांगितलंस, मग मोठ्याने सांगितलंस, मग ओरडलीस. तेव्हा आणखी चारजण ओरडतच होते.

पट्टीमुळे तुला दिसलं नाही ते मला दिसलं. टोकाला उभी असलेली ती दोन वेण्यांची मुलगी म्हणत होती, "माझ्याकडे दोरी उरलीये, इथे गुंता झालाय." तीनदा म्हणाली. तिसऱ्यांदा आवाज निम्म्यावर आला होता, मग ती गप्पच झाली. पट्ट्या सोडल्या तेव्हा तुमचा चौकोन पतंगासारखा तिरका पडला होता आणि ढीगभर दोरी तिच्या पायाशी होती. तुझी रीत चुकली नाही गं. दोरीच पुरी हाती आली नव्हती, आणि ते फक्त तिला ठाऊक होतं.

दुपारी तुम्ही उंच तारेवरून चाललात. हार्नेस, हेल्मेट, दोर अडकवायची कडी म्हणजे कॅराबिनर, सगळं तपासून झालं, तरी सरांनी तुला लगेच चढू दिलं नाही. तू "ऑन बिले?" विचारायचंस, म्हणजे माझा दोर धरलायस ना, आणि खाली दोर धरलेल्या मुलाने "बिले ऑन" म्हणायचं. मग तू "क्लाइंबिंग", तो "क्लाइंब ऑन". एकदा त्याने नुसती मान हलवली, तर सरांनी तुला जमिनीवरच थांबवलं. तुझा राग चेहऱ्यावर दिसत होता. मला मात्र माझी बेल आठवली.

2022 मध्ये आमच्या पदाचं नाव ट्रेन मॅनेजर झालं, पण लोक अजून गार्डच म्हणतात. बारा डब्यांची लोकल म्हणजे जवळपास पाव किलोमीटर. पुढच्या टोकाला मोटरमन, मागच्या टोकाला मी. मोटरमनला सिग्नल दिसतो, चढणारी माणसं दिसत नाहीत. ती मला दिसतात. फलाट मोकळा झाला की मी दोन बेल देतो, म्हणजे गाडी सोड. पण माझ्या दोन बेलने गाडी हलत नाही. पुढून उलट दोन बेल येतात, मग हलते. एक बेल म्हणजे थांब, तीही तशीच परत यावी लागते. परत आली नाही तर मी दिलेली बेल दिली नाही असंच धरायचं. पावसात फलाट छत्र्यांनी भरलेला असतो, कुणीतरी मुलाचा हात धरून धावत येत असतं. अशा वेळी पुढच्या माणसाला माझं पोचलंय हे मला नक्की माहीत असावंच लागतं. इतकी वर्षं झाली, ती उलट बेल ऐकली की अजूनही बरं वाटतं.

त्या मुलीला तिची बेल परत आलीच नाही, चिऊ. कुणी एकाने जरी म्हटलं असतं, "तुझ्याकडे दोरी उरलीये ना, थांब," तर तुझी रीत पाच मिनिटांत लागू पडली असती. आणि तुलाही तेच हवं होतं. "आधी अर्धी दुमडायची, बरोबर?" असं तुला कुणी म्हणालं असतं, तर ओरडावं लागलं नसतं.

हे सगळं नुसते खेळ वाटतात, पण चहाच्या वेळी तुमच्या सरांनी त्यामागची गोष्ट सांगितली. 1941 मध्ये, महायुद्ध चालू असताना, वेल्समधल्या अ‍ॅबरडोव्हीला शिक्षणतज्ज्ञ कुर्ट हान आणि जहाजमालक लॉरेन्स होल्ट यांनी अशा प्रशिक्षणाची शाळा काढली. जहाज बुडाल्यावर छोट्या नावेत तगून राहायचं, तर जोराइतकाच धीर आणि एकमेकांचा आधार लागतो, हे तरुण खलाशांना शिकवायला. आपल्याकडे तुझ्या मामाला विचार. तो गोविंदात खालच्या थराला असतो. मान खाली, वरचं काही दिसत नाही. खांद्यावरच्या पायाची थरथर आणि बाहेरून सांगणाऱ्याचा आवाज, एवढ्यावर तो उभा राहतो.

ती मुलगी तुझ्याच वर्गात आहे ना? तिला विचार, दोरीचा गुंता कुठे होता. तुला आधी कळलं होतं ते सांगू नकोस, आधी तिचं पुरं होऊ दे.

आणि माझं राहिलं. रविवारी मला सुट्टी आहे. कॅम्पचं सगळं पहिल्या दिवसापासून पुन्हा सांग. ताटावर बसून नाही, गच्चीत जाऊ. मध्ये बोलणार नाही, आणि कळलं नाही तर विचारेन.

डब्यात भेंडी आहे.

तुझा
बाबा