हिंदी शब्दाला पाच रुपये

नागपूर, शनिवार

प्रिय दिग्या,

हे फोनवर सांगितलं असतं तर तू मधेच तोडून शिकवण्याबद्दलचं आपलं जुनं भांडण उकरलं असतंस, म्हणून लिहितोय. शाळेत नोटीस लागली बे. मराठीच्या तासाला जो हिंदी बोलेल त्याला शब्दामागे पाच रुपये दंड. मॉनिटर वहीत मांडणार, महिनाअखेर वसुली. बापू एवढंच म्हणाले, "मॉनिटर पोट्टा श्रीमंत होते आता." २०२० च्या कायद्यानं पहिली ते दहावी मराठी सक्तीची झाली, त्यात दंड आहे तो न शिकवणाऱ्यांना, एक लाखापर्यंत. आमच्याकडे तो झिरपत झिरपत सहावीतल्या पोरांपर्यंत पोचला.

तब्येत बरी. साखर काठावर. आईचा गुडघा तसाच.

दंडानं हिंदी बंद होईल, त्याबरोबर तोंडंही बंद होतील, आणि तपासायला येणाऱ्या साहेबाला तो चिडीचूप वर्ग फार आवडेल. माझं डोकं तिथं फिरतं. जरीपटक्यातलं सिंधी पोरगं घे, इतवारीतलं मारवाडी घे, कामठीहून येणारं उर्दू बोलणारं घे. मराठी ऐकून तिघांनाही बरीच कळते. बोलायचं म्हटलं की अडतं. पेन संपलं, समजलं नाही, एवढं सांगायलाही तयार वाक्य नसेल तर पोरगं हिंदीत बोलेल किंवा गप्प बसेल, तिसरं काय करणार? म्हणून आधी वाक्यं हातात द्यायची. 'सर, समजलं नाही', 'परत सांगा ना', 'मी सांगू का?', 'याला मराठीत काय म्हणतात?', 'माझं अजून झालं नाही'. अशी आठ पुरतात. आठवड्याला दोन, फळ्याच्या वर, शेवटच्या बाकावरून वाचता येतील एवढ्या अक्षरात. भिंतीवर चढलेलं वाक्य कुणी हिंदीत बोललं तर नुसतं तिकडे बोट करायचं. त्या वाक्यापुरती सवलत संपली, बाकीची चालू.

आणि मास्तरनंही हिंदीचा विटाळ मानू नये. खेळाचे नियम हिंदीत वीस सेकंदांत सांगून होतात. तेच मराठीत हातवारे करत पाच मिनिटं चालले तर तेवढा तास गेला. 'वह्या काढा', 'जोडीनं बसा', 'आज कोण आलं नाही?' हे मात्र मराठीतच, कारण ते रोज तेच असतं.

नोटिशीत आणखी एक कलम आहे: रोज प्रत्येकानं धडा मोठ्यानं वाचायचा. पट पन्नास, तास चाळीस मिनिटांचा. हजेरी न घेता भागाकार केला तरी वाट्याला ४८ सेकंद. उरलेला वेळ पोरं आपल्यावर कुठला परिच्छेद येतो ते मोजत बसतात. जोडीनं आठ मिनिटं बोलू दिलं तर प्रत्येकाला चारेक मिनिटं मिळतात. गोंगाट होतो, हे तुझं म्हणणं कबूल. शेजारच्या वर्गावरच्या बाईंना आधी सांगून ठेवायचं, झालं.

पण जोडीनं बसवून 'बोला' म्हटलं की पोरं बोलत नाहीत. एकाला माहीत आहे आणि दुसऱ्याला नाही, असं काहीतरी मधे लागतं. भाषाशिक्षणाचे अभ्यासक एन. एस. प्रभू यांनी बंगळूरच्या प्रकल्पात १९७९ ते १९८४ इंग्रजीसाठी हेच केलं, आगगाडीची वेळापत्रकं आणि नकाशे घेऊन. आपल्याकडे मेट्रो आहे. ऑरेंज लाइनचा छत्रपती चौक ते ऑटोमोटिव्ह चौक एवढा तुकडा घे. बारा स्टेशनं, त्यातली निम्मी चौक: छत्रपती, अजनी, गड्डीगोदाम, कडबी, इंदोरा, ऑटोमोटिव्ह. हिंदीवाल्या पोरांचं घोडं सामान्यरूपावर अडतं, म्हणजे पुढे काही जोडताना 'चौक'चं 'चौका' होतं तिथं; 'चौकमध्ये', 'चौकनंतर' म्हणतात. आणि इथं चौकात, चौकानंतर, चौकाच्या आधी हे म्हटल्याशिवाय काम पुढे सरकतच नाही.

स्टेशनांची नावं गाळू नकोस. रोज मेट्रोनं येणारी पोरं काही न विचारता भरून मोकळी होतात. गाळायचे प्रवासी. आठ प्रवासी, त्यातले सहा चौकांवर उतरवायचे. एका कागदावर चौघांची स्टेशनं, दुसऱ्यावर उरलेल्या चौघांची. ज्यांची माहीत नाहीत त्यांची नावं खाली. 'मावशी कुठे उतरते?' 'अजनी चौकात.' प्रवाशांत एक कुत्र्याचं पिल्लू हवंच. हिंदीत नपुंसकलिंग नाही, त्यामुळे 'उतरतं' मुद्दाम कुठून तरी आणावं लागतं, आणि पिल्लू मेट्रोत बसलं की पोरं हसतात. जोडीत मधे दप्तर उभं करायचं, नाहीतर कागद दाखवून दोन मिनिटांत खेळ खलास. आधी एका पोराबरोबर तू स्वतः दोन प्रश्न करून दाखव. आठ मिनिटं झाली की थांबव, कुणाचं राहिलं तरी. निम्म्या वर्गाला निम्मं काम जमलं की पातळी बरोबर बसली, हा प्रभूंचा ठोकताळा. सगळ्यांना सगळं जमलं तर समज, सोपं होतं.

चुकांचं काय, हे तू विचारणारच. एका तासाला एकच चूक धरायची. मेट्रोच्या दिवशी सामान्यरूप. 'शाला' ऐकू आलं तरी सोडून द्यायचं, ळसाठी वेगळी दोन मिनिटं काढून जीभ मागे वळवायला शिकवायची. 'आम्ही' आणि 'आपण' यांची गल्लत मात्र तिथल्या तिथे, कारण अर्थच बदलतो. आणि चुकलेलं वाक्य आपणच सुधारून म्हणायची सवय सोडायची. लीस्टर आणि रांटा या संशोधकांनी कॅनडातले फ्रेंचचे वर्ग पाहून १९९७ मध्ये मांडलं: मास्तर निम्म्याहून जास्त वेळा असंच करत होते, आणि पोरं त्यालाच सगळ्यांत कमी दाद देत होती. त्यापेक्षा 'चौक...नंतर?' म्हणून भुवई वर करायची आणि मनात तीन आकडे मोजायचे. आपण एकावरच उत्तर देऊन टाकतो. बाकीच्या चुका टाचणवहीत मागे टिपायच्या. शेवटी तीन वाक्यं फळ्यावर, नावाशिवाय.

आपलं नागपुरी 'मी जाऊन राहिलो' मी अजूनही चूक धरत नाही. तोंडी चालतं, पेपरात 'जातोय' लिहायचं, एवढं सांगतो. पुण्याला राहून तुझं सुटलं असेल तर सुटू दे, इकडे आलास की पुन्हा लागेल. आणि तुझ्या त्या चांदण्यांच्या स्टिकरबद्दलही माझं मत तेच आहे. पहिल्या तिघांना चांदणी म्हणजे उरलेल्या सत्तेचाळिसांना सुट्टी.

धाकटीची यंदा दहावी ना? घराच्या स्लॅबचं काय झालं? वहिनींना नमस्कार.

मंगळवारी संस्थेत बैठक आहे. दंड रद्द करा म्हटलं तर कुणी ऐकणार नाही, म्हणून भिंतीवरची आठ वाक्यं लागेपर्यंत पुढे ढकला, असं मागतोय. सोबत दाखवायला तुझे ते बाजारहाटाचे जोडीचे कागद हवेत, भाव आणि वजनं गाळलेले. फोटो टाक, पण सरळ काढ. मागच्या वेळी भेंडीच्या भावावर तुझा अंगठाच होता.

तुझा,
वसंता