शिकवणाऱ्यांना शिकता यावं म्हणून : बारा गावांच्या पाणलोट समित्यांचं आवाहन

कऱ्हेच्या खोऱ्यातले शेतकरी, ग्रामपंचायती, शिक्षक, आणि पुण्या-मुंबईला राहूनही गावच्या पाण्याची काळजी करणारे आपण सर्व, सप्रेम नमस्कार.

पुरंदर तालुक्यातल्या बारा गावांच्या पाणलोट समित्यांनी मिळून यंदा एक प्रशिक्षण ठरवलं आहे. गावोगाव शेतकऱ्यांना पाणी, माती आणि पिकांचं सांगणाऱ्या माणसांसाठी ते आहे : गावचा जलसेवक, कृषिसखी, समितीचा सचिव, ग्रामरोजगार सेवक. प्रत्येक गावातून दोघं, त्यांत एक बाई असलीच पाहिजे. असे एकूण चोवीस जण. त्यासाठी आपल्याकडे पैसे, वस्तू, विहिरी आणि वेळ मागतो आहोत.

या माणसांना आजवर मिळालेलं प्रशिक्षण म्हणजे बहुतेक वेळा एक दिवसाचा कार्यक्रम. सभागृह, पडद्यावर चित्रं, एक फाइल, जेवण आणि परत. नंतर ग्रामसभेत प्रश्न येतात ते असे : माझ्या बोअरला पाणी आहे, बांधाला बांध असलेल्याच्या बोअरला का नाही? डोंगरावर एवढे चर खोदले, विहिरीला फरक का पडला नाही? कांदा किती लावू? या प्रश्नांना फाइलमध्ये उत्तर नसतं. ते त्या गावच्या विहिरीत, मुरमात आणि पावसाच्या नोंदीत असतं, आणि ते काढायला हाताला सवय लागते. ती सवय एका दिवसात लागत नाही. वर्षातून चार वेळा त्याच विहिरीवर जाऊन उभं राहावं लागतं.

म्हणून प्रशिक्षण चार फेऱ्यांत आहे, प्रत्येक फेरी तीन दिवसांची : ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणाही आपल्या निरीक्षण विहिरी वर्षातून चार वेळा, साधारण याच महिन्यांत मोजते. गावाच्या नोंदी त्यांच्या नोंदींशेजारी ठेवून पाहता याव्यात, म्हणून महिने तेच धरले आहेत. दोन फेऱ्यांच्या मध्ये प्रत्येकानं आपल्या गावातल्या पाच विहिरी दर आठवड्याला मोजायच्या आणि वहीत लिहायच्या.

विहीर मोजणं सोपं वाटतं. टेप सोडायची आणि आकडा वाचायचा, एवढंच. पण निम्म्या चुका इथंच होतात. पंप नुकताच बंद झालेला असतो, झरे अजून विहीर भरत असतात, आणि आपण पाणी खोल गेलं असं लिहून मोकळे होतो. थ्री फेज लाइट रात्रीची असेल त्या आठवड्यात सकाळचा आकडा तर हमखास फसवतो. त्यामुळे आकड्याच्या शेजारी ‘पंप किती वाजता बंद केला’ हे लिहिणं सक्तीचं. कठड्यावर ऑइल पेंटनं एक खूण करायची आणि दर वेळी तिथूनच टेप सोडायची. कठड्याची जमिनीपासूनची उंची वजा करायची. मध्येच कुणी कठडा दोन फूट वाढवला, तर जुने आकडे आणि नवे आकडे जुळत नाहीत, आणि गाव म्हणतं पाणी खाली गेलं.

सगळ्यांत मोठी फसवणूक वेगळीच आहे. आपल्याकडे पुष्कळ शेतकरी खोल बोअरचं पाणी आधी विहिरीत सोडतात आणि विहिरीतून उपसतात. अशी विहीर मे महिन्यातही भरलेली दिसते. ती उथळ खडकातल्या पाण्याबद्दल काहीच सांगत नाही, ती फक्त टाकीचं काम करत असते. मोजणीसाठी पाच विहिरी निवडताना पहिला प्रश्न हाच विचारायचा : हिच्यात बोअर सोडलंय का, आत आडवे बोअर मारलेत का? मालक संकोचतो, कधी लपवतो. तो न दुखावता खरं कसं सांगेल, हेही शिकवावं लागतं. आम्ही त्यासाठी पूर्ण एक सत्र ठेवलं आहे.

विहीर किती पाणी देते हे काढायची रीत प्रत्येकाच्या हाताखालून जाईल. सहा मीटर व्यासाच्या गोल विहिरीचं क्षेत्रफळ सुमारे २८.३ चौरस मीटर. पंप बंद केल्यावर तासाभरात पाणी १० सेंटिमीटर चढलं, तर विहिरीत ताशी साधारण २,८३० लिटर पाणी येतं. ऑक्टोबरात हा आकडा काय, मार्चमध्ये काय, हे मालकाला त्याच्याच विहिरीच्या कठड्यावर बसून दाखवलं, की उन्हाळी पीक किती घ्यायचं याचा अंदाज तो स्वतःच बांधतो. आमच्या मते कुठल्याही भाषणापेक्षा हा एक तास अधिक मोलाचा आहे.

पावसाच्या नोंदीचंही तसंच. पर्जन्यमापक रोज सकाळी साडेआठला वाचायचा आणि आकडा वाचला त्या तारखेला लिहायचा. ‘काल रात्री पडला’ म्हणून कालच्या तारखेला टाकला, तर शेजारच्या केंद्राच्या नोंदीशी मेळ बसत नाही. यंत्र अंगणात, पत्र्याच्या कडेला ठेवलं तर वळचणीचे शिंतोडे आत जातात. झाडाखाली ठेवलं तर पाऊस अडतो. जवळच्या भिंतीची किंवा झाडाची जेवढी उंची, त्याच्या निदान दुप्पट अंतरावर ते असायला हवं.

मग पाण्याचा ताळेबंद. एक मिलिमीटर पाऊस एक हेक्टरवर पडला की दहा हजार लिटर. हजार हेक्टरच्या गावात ५०० मिलिमीटर पाऊस झाला तर ५,००० टीसीएम (एक टीसीएम म्हणजे हजार घनमीटर), म्हणजे पन्नास लाख घनमीटर. इथवर सगळ्यांचं बरोबर येतं. त्यातलं जमिनीत किती मुरलं, इथं घोटाळा होतो. महाराष्ट्राचा बहुतेक भाग बेसाल्ट खडकावर आहे, पण हा खडक सगळीकडे एकसारखा नाही. नुसत्या कुजलेल्या, मुरूम झालेल्या बेसाल्टमध्ये पावसाचं ६ ते ८ टक्के पाणी मुरतं असं भूजल अंदाजाच्या निकषांत धरतात. सच्छिद्र, भेगाळलेल्या मांजऱ्या खडकात १२ ते १४ टक्के. गावभर डोळे झाकून १३ टक्के धरले तर ६५० टीसीएम मुरलं असं दिसतं, ७ टक्के धरले तर ३५०. फरक ३०० टीसीएमचा. कांद्याच्या पिकाला हंगामात ५०० मिलिमीटर पाणी धरलं, तर एकराला साधारण २ टीसीएम लागतं. म्हणजे कागदावरच्या एका चुकीच्या टक्केवारीनं दीडशे एकर कांदा असा ‘मंजूर’ होतो, ज्याला पाणीच नाही. फेब्रुवारीअखेर ते पीक जळतं आणि दोष ताळेबंद वाचून दाखवणाऱ्या पोराला लागतो.

यावर उपाय एकच, खडक ओळखता येणं. मे महिन्यात विहिरी तळाला गेल्या की कडा उघड्या पडतात : वर माती, मग मुरूम, मग मांजऱ्या, कुठं लाल गेरूचा पट्टा, खाली काळा पाषाण. पन्नास विहिरी वरून नीट पाहिल्या, कुठला थर किती फुटांवर आहे ते लिहिलं आणि गावच्या नकाशावर मांडलं, तर कुठल्या भागात पाणी मुरतं आणि कुठं नुसतं वाहून जातं हे दिसायला लागतं. मेची फेरी पूर्णपणे याच कामासाठी राखली आहे, आणि तिथंच आम्हाला जाणकारांची सर्वांत जास्त गरज आहे.

डोंगरावरच्या कामात समतल चराची आखणी पुन्हा पहिल्यापासून घेणार आहोत. तीस मीटरच्या चरात एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ३० सेंटिमीटर उतार राहिला, तर वरचं टोक कोरडं राहतं, सगळं पाणी खालच्या टोकाला जमतं आणि पहिल्या मोठ्या पावसात चर तिथं फुटतो. फुटलेला चर ओघळ तयार करतो, म्हणजे केलं त्यापेक्षा न केलेलं बरं. आखणी पाण्याच्या नळीनं, ज्याला आपल्याकडे हायड्रोमार्कर म्हणतात त्यानं, करायची तर नळीत हवेचा बुडबुडा राहता कामा नये. बोटभर बुडबुडासुद्धा पातळी खोटी दाखवतो. ए-फ्रेम वापरायची तर आधी ती पारखून घ्यायची : दोन खुंट्यांवर पाय ठेवून दोरी आडव्या पट्टीवर जिथं येते तिथं खूण करायची, पाय अदलाबदल करून दुसरी खूण करायची, आणि दोन्हींच्या बरोबर मध्ये समपातळीची खूण. ही अदलाबदल टाळली की पूर्ण डोंगराची आखणी एका बाजूला झुकते.

क्षारता मोजायच्या पेनबद्दल एक इशारा इथंच देतो. तो पाण्यातले एकूण क्षार दाखवतो, नायट्रेट किंवा जंतू दाखवत नाही. आकडा कमी आला म्हणून ‘पाणी प्यायला चांगलं’ असं कुणी सांगू नये. १४१३ मायक्रोसिमेन्सच्या प्रमाणित द्रावणात बुडवून तो अधूनमधून तपासावाही लागतो.

शेततळ्यांचा विषय वादाचा आहे, तरी टाळणार नाही. पावसाळ्यात विहिरीचं पाणी उपसून प्लॅस्टिक अंथरलेल्या तळ्यात साठवलं, की ते जमिनीखालून उघड्यावर येतं. ३० बाय ३० मीटरच्या तळ्यातून उन्हाळ्यात दिवसाला ८ मिलिमीटर बाष्पीभवन धरलं, तरी रोज ७,२०० लिटर उडून जातं. हे मालकाला सांगायचं कसं, ग्रामसभेत भांडण न होता मांडायचं कसं, याचा सराव लागतो. याच तालुक्यात, नायगावला, १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली. पाणी जमिनीवर नाही, कुटुंबातल्या डोक्यांवर वाटायचं, माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर, आणि ऊस लावायचा नाही. एवढे कडक नियम लोकांनी मानले, कारण हिशेब सगळ्यांसमोर मांडलेला होता. आमच्या चोवीस जणांना तसा हिशेब चारचौघांत मांडता यावा, एवढीच अपेक्षा आहे.

आता खर्च. प्रत्येक गावाला एक संच द्यायचा आहे : पर्जन्यमापक १,२०० रुपये, ५० मीटरची फायबर टेप ७००, पाण्याची नळी दोन पट्ट्यांसह ९००, क्षारता मोजायचा पेन १,८००, पाणी मुरण्याचा वेग पाहायची ३० सेंटिमीटर व्यासाची लोखंडी कडी १,१००, वीस लिटरची बादली आणि स्टॉपवॉच ४००, नोंदवही आणि भिंतीवरच्या ताळेबंद फलकाचा रंग ४००. एका संचाचे ६,५००, बारा गावांचे ७८,०००.

चोवीस जणांचा बारा दिवसांचा बुडालेला रोज, ४०० रुपयांप्रमाणे, १,१५,२००. ही रक्कम काहींना खटकेल. पण मजुरी बुडवून बाई तीन दिवस शिकायला येणार असेल, तर तिचा रोज देणं हे उपकार नाहीत. तो दिला नाही की प्रशिक्षणाला फक्त ज्यांच्या घरी भागतं तेच येतात. जेवण आणि चहा, सोबतच्यांसह अठ्ठावीस माणसं, बारा दिवस, माणशी १५०, म्हणजे ५०,४००. मार्गदर्शकांचं मानधन आणि प्रवास ४८,०००. विहिरींवर आणि डोंगरावर जाण्यासाठी जीप २०,०००. छापील पुस्तिका ६,०००. एकूण ३,१७,६००.

बारा ग्रामपंचायतींनी प्रत्येकी दहा हजार द्यायचं ठरवलं आहे, ते १,२०,०००. उरलेले १,९७,६०० आपल्याकडून हवेत. एका गावाचा संच कुणी एकट्यानं दिला तर त्यावर आई-वडिलांचं नाव घालून देऊ.

पैशांशिवायही बरंच हवं आहे. सरावासाठी विहिरी हव्यात : मालकानं मोजणीच्या आदल्या संध्याकाळपासून पंप बंद ठेवायला हवा, एवढीच अट. मुक्कामासाठी शाळेची खोली किंवा मंदिराचा सभामंडप, बायकांसाठी वेगळी खोली आणि स्वच्छतागृहासह. ज्वारी, तांदूळ, डाळ, तेल. निवृत्त भूवैज्ञानिक, जलसंधारणातले अभियंते, भूगोलाचे शिक्षक यांनी एका फेरीचे तीन दिवस दिले तर मोठी मदत होईल. येताना बूट घालून या, वर्ग बहुतेक उन्हातच भरेल. कुणाकडे गावच्या जुन्या पावसाच्या नोंदी किंवा विहीर खोदतानाच्या वह्या असतील तर त्यांची छायाप्रत द्या, मूळ वही घरीच ठेवा.

नवीन वस्तू देण्याआधी गावच्या समितीला विचारा. गेल्या वेळेसारख्या तीन गावांकडे चार-चार टेपा आणि एकाकडेही पर्जन्यमापक नाही, असं व्हायला नको.

देणगी शक्यतो बँकेतून द्या. खातं समित्यांच्या संयुक्त नावानं आहे, क्रमांक बाराही ग्रामपंचायतींच्या फलकावर लावला आहे. रोख दिली तर छापील पावती घेतल्याशिवाय जाऊ नका. ८०जी ची करसवलत आमच्याकडे नाही, ते आधीच सांगतो. परदेशात असलेल्या आणि भारतीय पासपोर्ट असलेल्या गावकऱ्यांनी बँकेमार्फत पाठवलेलं चालेल. परदेशी नागरिकत्व घेतलेल्यांची रक्कम आम्हाला स्वीकारता येत नाही, कारण त्यासाठीची केंद्राची नोंदणी समित्यांकडे नाही. अशांनी गावातल्या शिकाऊंना ऑनलाइन वेळ द्यावा, नकाशे आणि तक्ते तयार करायला हात हवेच आहेत.

घटस्थापनेपर्यंत मदत पोचली तर ऑक्टोबरच्या फेरीआधी संच विकत घेऊन, तपासून गावात देता येतील. नंतर आलेली रक्कम जानेवारीच्या फेरीला वापरू. प्रत्येक फेरीनंतर आठवड्याभरात जमाखर्च आणि पाचही विहिरींचे आकडे प्रत्येक गावच्या फलकावर लागतील. कुणालाही वही पाहायची असेल, तर ती सचिवाकडे मागावी.

आपले,
पुरंदर तालुक्यातील बारा गावांच्या पाणलोट समित्या