जिभाऊ, त्या ड्रॅक्युलाच्या पिझ्झ्याबद्दल थँक्यू

जिभाऊ, नमस्कार.

तोंडावर थँक्यू म्हटलं की तुम्ही "कसाले वं माय" म्हणता आणि विषय बदलून टाकता, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितेय, आता बसा वाचत.

बाकीच्यांना सांगते. जिभाऊ म्हणजे आमच्या अमळनेरच्या गल्लीतले, सगळी नोकरी टॉकीजमध्ये ऑपरेटर म्हणून केली, रिळं जोडली, प्रोजेक्टरच्या दिव्यातले कार्बन बदलले, पिक्चर मध्येच तुटला की खालच्या पब्लिकच्या शिव्या खाल्ल्या. टॉकीज बंद पडली तरी यांचं पिक्चरचं वेड काही बंद पडलं नाही, घरी कपाटभर कॅसेटी आणि डीव्हीडी आहेत आणि त्यात निम्म्याच्या वर भुताखेताचे जुने इंग्लिश पिक्चर. आणि आम्ही कोण, तर त्याच गल्लीतली सुपरनॅचरलवेडी पोरं. मी, माझा मावसभाऊ आणि त्याचे दोन मित्र.

ज्यांनी नाही पाहिली त्यांच्यासाठी, सुपरनॅचरल ही अमेरिकन सिरीयल 2005 ला सुरू झाली ती 2020 ला संपली, 15 सीझन, 327 भाग. सॅम आणि डीन विंचेस्टर हे दोन भाऊ काळ्या 1967 च्या शेव्हरोले इम्पालात बसून गावोगाव भुतं मारत फिरतात, एवढीच स्टोरी. पण तिच्यात जागोजागी दुसऱ्या पिक्चरचे, गाण्यांचे, सिरीयलींचे टोमणे पेरून ठेवलेले असतात. पहिल्याच भागात समोरून एफबीआयचे दोन ऑफिसर जातात आणि डीन त्यांना मल्डर आणि स्कली म्हणून हाक मारतो, आता ज्याने एक्स फाईल्स ही सिरीयल, जिच्यात याच नावांचे दोन एफबीआय ऑफिसर आहेत, बघितलीच नाही त्याला ते काय कळणार? आणि गंमत म्हणजे एक्स फाईल्सचे कितीतरी भाग केलेला किम मॅनर्स हा डायरेक्टर पुढे याच सिरीयलमध्ये येऊन बसला होता. असं सगळं ते एकमेकांत गुंतलेलं.

तर आमची गाडी अडली चौथ्या सीझनच्या पाचव्या भागाला. नाव मॉन्स्टर मूव्ही, 16 ऑक्टोबर 2008 ला तिकडे दाखवला. अख्खा भाग ब्लॅक अँड व्हाईट. मावसभाऊ टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन रंग शोधत बसला, त्याला वाटलं फाईलच खराब आहे. पेनसिल्व्हेनियातलं एक गाव, तिथे बिअरची जत्रा चालू, आणि गावात एक खून ड्रॅक्युला, म्हणजे लोकांचं रक्त पिणारा, लसणाला घाबरणारा राक्षस करतो, एक लांडग्याचा माणूस करतो, एक ममी करते. आम्ही हसलो, आवडला पण, पण सारखं वाटत होतं की हे काहीतरी आपल्या डोक्यावरून चाललंय. मोबाईलवर शोधलं तर पन्नास गोष्टींची यादी, हे ह्या पिक्चरमधून ते त्या पिक्चरमधून, वाचून झालं की सगळं विसरायचं.

मग तुमच्याकडे आलो. दुसरा कोणी असता तर खुर्चीत बसून तासभर लेक्चर दिलं असतं. तुम्ही फक्त विचारलं, ड्रॅक्युला देखेल शे का? आम्ही म्हटलं नाव ऐकलंय. तुम्ही म्हणालात, "आधी देख, मंग इचार." आणि कपाटातून चार डीव्हीडी काढून रांगेत मांडल्या. ड्रॅक्युला 1931, फ्रँकेनस्टाईन 1931, द ममी 1932, द वूल्फ मॅन 1941. चारही युनिव्हर्सल कंपनीचे. आम्ही घाबरलो की हे सगळं कधी बघून व्हायचं, तर तुम्ही म्हणालात एकेक जेमतेम सव्वा तासाचा आहे, चारही मिळून पाच तास भरत नाहीत, तुमच्या एका हिंदी पिक्चरच्या वर थोडं. (एका नाही जिभाऊ, दोनाच्या. पण ठीक आहे.)

आणि आता जे सांगणार आहे त्यासाठी खरं तर हे पत्र आहे. मे महिना, आपल्याकडचं ऊन माहितीच आहे सगळ्यांना, संध्याकाळी सातला पण भिंती तापलेल्या, आणि ड्रॅक्युला सुरू झाल्यावर तुम्ही उठून कूलर बंद केला. आम्ही ओरडलो. तुम्ही म्हणालात ऐका. काय ऐका, काहीच आवाज नाही! मग कळलं की तेच ऐकायचं होतं. त्या पिक्चरला सुरुवातीच्या नावांना स्वान लेकचं म्युझिक आहे आणि मध्ये नाटकगृहात वाजतं तेवढं, बाकी मागे म्युझिकच नाही. बोलपट नुकतेच आलेले, पात्रं बोलतात आणि मग नुसती शांतता आणि प्रिंटची ती बारीक खरखर. ड्रॅक्युलाचं काम करणारा बेला लुगोसी जिन्यावर मेणबत्ती घेऊन उभा आहे आणि खोलीत सगळे गप्प, घाम पाठीवरून खाली येतोय आणि कोणी पंख्याचं पण नाव काढत नाही. कूलर चालू असता तर हे आयुष्यात कळलं नसतं, खरंच सांगते.

त्यात तुम्ही एका ठिकाणी पॉज केलं. ड्रॅक्युलाचा वाडा, तळघर, शवपेट्या, आणि कोपऱ्यात खवल्याखवल्याचं काहीतरी चालतंय. तुम्ही विचारलं हे काय. कोणी म्हटलं मोठा उंदीर, कोणी म्हटलं खवल्या मांजर. ते निघालं आर्माडिलो! अमेरिकेतला प्राणी, तो युरोपातल्या ट्रान्सिल्व्हेनियाच्या किल्ल्यात काय करतोय? तुम्ही इतके हसलात की चहा सांडला. मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं की जुन्या पिक्चरला हात जोडून बघायची गरज नाही, त्याच्यावर प्रेम पण करायचं आणि त्याला हसायचं पण. आणि मॉन्स्टर मूव्ही बनवणाऱ्यांनी नेमकं हेच तर केलंय.

लुगोसीबद्दल तुम्ही जे सांगितलं ते पण लिहून ठेवते. माणूस हंगेरीचा, गाव लुगोस, म्हणून नाव घेतलं लुगोसी, आपल्याकडे एरंडोलकर पारोळेकर असतात तसं. त्या अख्ख्या पिक्चरमध्ये त्याचे सुळे एकदाही दिसत नाहीत, आम्ही मुद्दाम बघत होतो, नाहीच. आणि 1956 ला वारला तेव्हा त्याला ड्रॅक्युलाच्या झग्यातच पुरलं. शिवाय दिवसा इंग्लिश ड्रॅक्युलाचं शूटिंग आणि रात्री त्याच सेटवर दुसरी टीम स्पॅनिश ड्रॅक्युला शूट करायची, ही गोष्ट तर मी ऑफिसमध्ये सगळ्यांना सांगून झाले, कोणाला पटत नाही.

बाकीचे तीन भराभर बघितले. वूल्फ मॅनच्या तोंडाला याकचे केस चिकटवलेले आणि फ्रँकेनस्टाईनचा राक्षस, ममी, वूल्फ मॅन, तिघांचाही मेकअप जॅक पियर्स या एकाच माणसाचा, हे कळल्यावर मला त्या माणसाबद्दलच जास्त उत्सुकता वाटायला लागली, पडद्यावरचे तिघं राहिले बाजूला.

मग तुम्ही म्हणालात, आता लावा तुमची सिरीयल.

जिभाऊ, तोच भाग होता हो, पण आधी काय बघितलं होतं आम्ही! सुरुवातीलाच वॉर्नर ब्रदर्सचा जुना शिक्का येतो तिथेच तुम्ही मान हलवलीत. डीन म्हणतो की एखादी सरळ ब्लॅक अँड व्हाईट केस मिळाली तर बरं, आणि भागच ब्लॅक अँड व्हाईट, हे पहिल्यांदा आमच्या कानावरून गेलं होतं. ममीच्या पेटीत धूर यावा म्हणून बादलीत ड्राय आईस ठेवलेला सापडतो, म्हणजे राक्षस स्वतःच स्वतःचा स्पेशल इफेक्टवाला. डीनला टेबलाला बांधून ड्रॅक्युला तो भलामोठा खटका ओढायला जातो, हा सीन ड्रॅक्युलाचा नाहीच, तो फ्रँकेनस्टाईनच्या लॅबचा, हे आम्ही तुमच्या आधी ओरडलो, आणि नेमकी तेव्हा दाराची बेल वाजते. पिझ्झावाला! ड्रॅक्युला झगा सावरत दार उघडतो, पिझ्झात लसूण नाही ना म्हणून विचारतो, आणि पैसे देताना कूपन काढतो. तुम्ही मांडीवर थाप मारून म्हणालात हा आपल्यातलाच आहे.

आणि मध्यंतर. हे माझं सगळ्यात आवडतं, कारण हे आम्हाला कधीच कळलं नसतं. भागाच्या मधोमध मध्यंतराची पाटी येते, जुन्या अक्षरात. आम्ही ती बघून उठलो आणि पाणी प्यायला गेलो! आपल्याला त्यात विनोद दिसलाच नाही ना, पिक्चर म्हटलं की मध्यंतर असतंच, त्यात काय. तुम्ही सांगितलं की तिकडे ती पद्धत कधीच मोडली, आणि टीव्ही सिरीयलला तर कधी नव्हतीच, म्हणून त्यांना ती पाटी बघून हसू येतं. मग तुम्ही तुमच्या टॉकीजचं सुरू केलं, मध्यंतर पाच मिनिटं लांबवा म्हणून कँटीनवाला कसा वर केबिनमध्ये भजी पाठवायचा, आणि आमचा भाग तिथेच पॉजवर राहिला बराच वेळ.

कानाचा सीन आला तेव्हा तर कहर. डीनने मारामारीत ड्रॅक्युलाचा कान उपटलेला असतो, म्हणजे हा खरा ड्रॅक्युला नाही, कोणाचंही रूप घेणारा राक्षस आहे हे कळतं, आता तो गावात कोणाच्या रूपात आहे ते शोधायचं. सॅम गावातल्या जुन्या थिएटरात जातो, तिथे एक साधा माणूस ऑर्गन वाजवत बसलाय, आणि सॅम जाऊन त्याचा कान ओढतो. कान काही निघत नाही. तुम्ही एकदम सिरीयस होऊन म्हणालात, "माले बी तठेच धरतीन." खरंय, गावात राक्षसी पिक्चर पाहणारा माणूस कोण म्हटलं की गल्लीतली सगळी बोटं तुमच्याच घराकडे जाणार.

एका ठिकाणी मात्र तुमची विकेट पडली होती, आठवतंय? दोघं भाऊ पोलिसांना नावं सांगतात एजंट अँगस आणि एजंट यंग. तुम्ही गप्प. मग मावसभावाने छाती फुगवून सांगितलं की एसी/डीसी म्हणून ऑस्ट्रेलियाचा बँड आहे, 1973 चा, त्याचा गिटारवाला अँगस यंग, तो शाळेच्या युनिफॉर्मची हाफ चड्डी घालून स्टेजवर नाचतो, आणि हे भाऊ कायम रॉकवाल्यांचीच नावं खोट्या ओळखपत्रावर लावतात. तुम्ही त्याला तो व्हिडिओ लावायला लावला आणि पूर्ण बघितला. तुमच्या वयाची किती माणसं असं करतील मला माहित नाही, आमच्या घरात तरी नाही करणार.

शेवटाकडे तो रूप बदलणारा जेमीला, म्हणजे त्या बारमधल्या मुलीला, आपली कहाणी सांगतो. जन्मला तेव्हापासून बापाने राक्षस म्हणून मारलं, गावाने हाकललं, आणि मग त्याने हे पिक्चर बघितले आणि त्याला कळलं की राक्षस असा पण असतो, रुबाबदार, लोक ज्याला घाबरतात पण विसरत नाहीत. टॉड स्टॅशविकने काय काम केलंय तिथे! आधी आम्ही तो सीन पुढे ढकलायचो, डायलॉग जास्त म्हणून. ह्या वेळी कोणीच रिमोटला हात लावला नाही. लुगोसी बघितल्यावर कळतं ना की हा बिचारा नक्की कोणासारखं व्हायला बघतोय, झगा कसा धरतो, हात कसा पुढे करतो, सगळं तिथलं. जेमीच त्याला चांदीची गोळी घालते आणि मरताना तो म्हणतो सौंदर्याने राक्षसाला मारलं, ते आहे 1933 च्या किंग काँगचं, आणि त्यावर तुमची लगेच हरकत, काँग युनिव्हर्सलचा नाही, आरकेओचा आहे, इथे कसा आला! जिभाऊ, तो मरतोय हो, मरू द्या ना त्याला.

ममीवरून आपलं भांडण अजून मिटलेलं नाही हे पण इथे नोंदवून ठेवते. तुम्ही म्हणता भागातली ममी 1932 ची. मी म्हणते नाही, कारण 1932 च्या पिक्चरमध्ये ममीचं काम करणारा बोरिस कार्लोफ पट्ट्यांमध्ये सुरुवातीला जेमतेम दिसतो, नंतर सगळा पिक्चर तो टोपी घालून साध्या कपड्यात फिरतो. पट्ट्या गुंडाळून चालत येऊन गळा दाबणारी ममी 1940 च्या द ममीज हँडपासूनची. तुमच्याकडे ती डीव्हीडी नाही म्हणून तुम्ही मानत नाही, हे काही बरोबर नाही.

तर थँक्यू जिभाऊ. कूलर बंद केल्याबद्दल, उत्तरं आधी न सांगितल्याबद्दल, आणि आम्ही रात्री अकराला दार वाजवलं तरी जिजीला न उठवता स्वतः चहा टाकल्याबद्दल. जिजीला पण थँक्यू, डीव्हीडी प्लेयरचं दार अडकलं की कंगव्याने उघडायची युक्ती त्यांचीच.

आता काम. दुसऱ्या सीझनमध्ये हॉलिवूड बॅबिलॉन नावाचा भाग आहे, त्यात भूत पिक्चरच्या सेटवरच येतं. त्यातलं एक मला आत्ताच माहित आहे, सुरुवातीला स्टुडिओची टूर चाललेली असते, गाईड सांगतो की हा गिलमोर गर्ल्सचा सेट, आणि सॅम एकदम अस्वस्थ होऊन गाडीतून उतरतो. कारण सॅमचं काम करणारा जॅरेड पॅडालेकी आधी त्याच गिलमोर गर्ल्समध्ये होता, आणि तिथे त्याच्या पात्राचं नाव होतं डीन! पण लाईटवाले, साऊंडवाले, रिळं, ते सगळं तुमचं खातं आहे. रविवारी या आमच्याकडे, आई शेवभाजी करणार आहे आणि तिने जिजीला पण बोलावलंय. चष्मा जवळचा नको, लांबचा आणा, मागच्या वेळी विसरला होतात. कूलरचं आपण आधी ठरवून घेऊ, कारण बाबा पण बसणार आहेत बघायला.

तुमची,
वरच्या गल्लीतली