खानदेशातील वृद्धांसाठी एकत्र आराखडा करा: दोन मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री आणि
मा. सामाजिक न्याय व विशेष सहाय्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय,

हे एकच पत्र मी मुद्दाम आपणा दोघांना लिहीत आहे, कारण ज्या प्रश्नाविषयी लिहायचे आहे तो आपल्या दोन विभागांच्या मधल्या जागेत पडून आहे.

आमच्या गल्लीत अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या एक आजी राहतात. मागच्या वर्षी ओट्यावरून पडून त्यांच्या खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया झाली, नवव्या दिवशी त्यांना घरी आणले. मुलगा सुरतेला कामाला, सून दिवसभर कापूस वेचायला. आजी खाटेवर पडून आहेत हे रुग्णालयाने आमच्या आरोग्य उपकेंद्राला कळवले नाही, त्यामुळे महिनाभर कोणी फिरकले नाही आणि पाठीला जखमा झाल्या. त्याच काळात हयातीचा दाखला देता आला नाही म्हणून श्रावणबाळ योजनेचे दरमहा मिळणारे १५०० रुपये थांबले. आजींच्या उशाशी एक प्लॅस्टिकची पिशवी असते. तिच्यात डिस्चार्ज कार्ड, रक्तदाबाच्या गोळ्या, आधार कार्ड, शिधापत्रिका आणि बँकेचे पासबुक आहे. आपल्या दोन्ही विभागांचे कागद एकत्र असतात ते फक्त त्या पिशवीत. ‘भाऊ, आते मना पाय चालत नही,’ असे त्या म्हणाल्या, तेव्हा कोणत्या कार्यालयाचा पत्ता सांगावा हे मला सुचले नाही.

कायदा आणि योजना नाहीत असे मी म्हणणार नाही. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात चरितार्थाबरोबर वैद्यकीय साहाय्याचीही तरतूद आहे. २०१०-११ पासून सुरू असलेल्या राष्ट्रीय वृद्ध आरोग्य सेवा कार्यक्रमात अंथरुणाला खिळलेल्यांना घरी जाऊन भेटण्याचे काम उपकेंद्राकडे दिलेले आहे. सत्तर वर्षांपुढील सर्वांना २०२४ पासून आयुष्मान योजनेत पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे, पण ते रुग्णालयात दाखल झाल्यावरच्या उपचारांसाठी आहे. घरी आल्यानंतर कूस बदलून देणाऱ्या हातांसाठी त्यात काही नाही. पंचाहत्तर वर्षांपुढे एसटीचा प्रवास मोफत आहे, मात्र ज्याला बसची पायरी चढता येत नाही त्याला त्या सवलतीचा उपयोग होत नाही, आणि नंदुरबारमधल्या धडगाव-अक्कलकुव्याच्या अनेक पाड्यांपर्यंत बस जातच नाही.

दोन विभागांनी गावात एकत्र काम करणे आपल्याला नवे नाही. गरोदर माता आणि लहान मुलांसाठी ठरलेल्या दिवशी परिचारिका, आशाताई आणि अंगणवाडी सेविका एका जागी बसतात, लसीकरण, वजन आणि पोषण आहार एकाच ठिकाणी पाहतात. आरोग्य आणि महिला व बालविकास या वेगळ्या विभागांनी हे घडवून आणले. हीच घडी म्हातारपणासाठी का बसवू नये, हा माझा साधा प्रश्न आहे. फरक इतकाच करावा लागेल की इथे माणसाला केंद्रावर बोलावून चालणार नाही, केंद्राने त्याच्या खाटेपाशी जावे लागेल. केरळने २००८ मध्ये वेदनाशामक सेवेचे, म्हणजे बऱ्या न होणाऱ्या आजारात त्रास कमी करणाऱ्या काळजीचे, धोरण केले आणि घरभेटींची जबाबदारी स्थानिक स्वराज्य संस्थांकडे सोपवली. पंचायत राजची परंपरा असलेल्या महाराष्ट्राला ते अवघड जाऊ नये.

माझी मागणी अशी की जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांसाठी दोन्ही विभागांनी मिळून एकच आराखडा करावा, आणि आरंभ पारोळा, साक्री व अक्राणी (धडगाव) या तीन तालुक्यांतून करावा. प्रत्येक गावात एकट्या राहणाऱ्या आणि अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांची एकच नोंदवही असावी, जी उपकेंद्र आणि तहसील कार्यालय दोघेही वापरतील. रुग्णालयातून वृद्ध रुग्ण घरी सोडताना त्याच दिवशी उपकेंद्राला निरोप जावा. घरभेटीला गेलेल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्याने दिलेला हयातीचा दाखला तहसीलने ग्राह्य धरावा, म्हणजे बोटांचे ठसे झिजलेल्या माणसाला उचलून तालुक्याला न्यावे लागणार नाही. हे काम आशाताईंवर फुकट लादू नये. त्यांच्या डोक्यावर आधीच पुष्कळ नोंदवह्या आहेत, त्यामुळे त्याचा वेगळा मोबदला आराखड्यातच धरावा. वृद्धाश्रम हवेतच, पण आमच्याकडची बहुतेक म्हातारी माणसे स्वतःचे घर सोडायला तयार नसतात आणि त्यांचे ते म्हणणे मला योग्य वाटते.

एक गोष्ट मात्र मुंबईतून दिसणार नाही, म्हणून सविस्तर लिहितो. दिवाळीनंतर ऊसतोडीला आणि गुजरातेत मजुरीला गेलेली आमची माणसे आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, सुमारास परततात. मधले पाच-सहा महिने कित्येक घरांत फक्त आजी-आजोबा आणि त्यांच्या भरवशावर ठेवलेली नातवंडे असतात. औषध संपले तर आणणारे कोणी नसते, चूल पेटली नाही तर विचारणारे नसते. वर्षभर सारख्या अंतराने घरभेटी आखल्या तर नेमक्या याच महिन्यांत त्या अपुऱ्या पडतील.

म्हणून विनंती आहे की आपण दोघांनी तिन्ही जिल्हाधिकारी, जिल्हा परिषदांचे आरोग्य अधिकारी आणि समाजकल्याण अधिकारी यांची एकत्र बैठक धुळ्याला घ्यावी, आणि नोंदवहीचे काम व पहिली घरभेट यंदाची दिवाळी येण्याआधी पूर्ण करावी.

आपला नम्र,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षक
तालुका पारोळा, जिल्हा जळगाव