अपघाताच्या भरपाईला किती तारखा?

घोडबंदर रस्त्यावरच्या अपघाताची बातमी दुसऱ्या दिवशी येते. जखमीच्या भरपाईचे पुढे काय झाले, हे सहसा कुठेच छापून येत नाही. एप्रिल 2022 पासूनच्या नियमांनुसार पोलिसांनी पहिला अपघात अहवाल 48 तासांत, तर सविस्तर अहवाल 90 दिवसांत मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाला द्यायचा असतो. विमा कंपनीने तडजोडीचा प्रस्ताव 30 दिवसांत द्यावा, असेही कायदा सांगतो. आमच्या शेजारच्या रिक्षाचालकाच्या मांडीत सळई बसवून दोन दिवाळ्या उलटल्या. कंपनीचे वकील अजून पुढची तारीखच मागताहेत. रिक्षाचे हप्ते मात्र थांबलेले नाहीत.

थोडा विलंब समजू शकतो. हाड जुळून कायमचे अपंगत्व किती टक्के राहिले, हे कळण्याआधी रक्कम ठरवली तर तोटा जखमीचाच. पण प्रमाणपत्र देणाऱ्या डॉक्टरांना साक्षीला यायला सवड नसते आणि खरे महिने तिथे जातात. ही साक्ष दूरदृश्य प्रणालीवर घेण्याचा आग्रह ठाण्यातील वकिलांनीच धरावा. लोकअदालतीत कंटाळून कमी रकमेवर सही करण्यापेक्षा ते बरे.

– एक वाचक, माजिवडा, ठाणे