मिस्सा किती वाजता, हे विचारायचं कोणाला?

संपादक महाशय,
स. न.

गेल्या नाताळच्या आदल्या रात्री नागपुरात सदर भागातल्या कॅथेड्रलमध्ये मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या सामूहिक उपासनेला, वसईकडचा एक मुलगा माझ्या शेजारी उभा होता. इथे अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला. मी मूळची वसईजवळच्या नंदाखालची, त्यामुळे बोलीवरून लगेच ओळख निघाली. म्हणाला, "काकू, दीड वर्षातली ही माझी तिसरी मिस्सा." गावात घंटा झाली की पाय आपोआप चर्चकडे वळतात. हॉस्टेलवर मात्र मिस्सा कुठे, किती वाजता आणि कोणत्या भाषेत, हे विचारायलाच कोणी नसतं.

धर्मगुरू घडवणाऱ्या सेमिनरीवरून ज्या शहरात अख्ख्या टेकडीला नाव पडलं, तिथली ही गत! सेंट फ्रान्सिस द सेल्स कॉलेजातल्या मुलांना फादर जिन्यातच भेटतात. पण व्हीएनआयटी ही अभियांत्रिकी संस्था, मेडिकल किंवा विद्यापीठाच्या विभागांत झारखंड-केरळहून येणाऱ्यांचं काय?

प्रश्न जुनाच आहे. एकोणिसाव्या शतकातले इंग्रज धर्मगुरू कार्डिनल न्यूमन यांना ऑक्सफर्डच्या कॅथलिक विद्यार्थ्यांसाठी तिथे एक घर उघडायचं होतं. त्यात आडवे आले ते चर्चमधलेच वरिष्ठ. असल्या विद्यापीठात श्रद्धा बुडेल ही त्यांची धास्ती. कॅथलिकांना तिथे शिकायची मोकळीक मिळाली ती न्यूमन गेल्यावर, 1895 मध्ये. त्याआधी दोनच वर्षं, 1893 मध्ये, अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या कॅथलिक विद्यार्थ्यांनी स्वतःच 'न्यूमन क्लब' हे आपलं मंडळ काढलं आणि पुढे तो प्रकार देशभर पसरला. आपल्याकडे ऑल इंडिया कॅथलिक युनिव्हर्सिटी फेडरेशन 1924 पासून आहे. कॅथेड्रलमधल्या त्या मुलाने तिचं नावही ऐकलं नव्हतं. न्यूमन यांना 2025 मध्ये 'डॉक्टर ऑफ द चर्च' (ज्यांची शिकवण सगळ्या चर्चला मार्गदर्शक मानतात असे संत) हा मान मिळाला, तेव्हा आपण टाळ्या तेवढ्या वाजवल्या.

सरकारी कॉलेजच्या आवारात हे काम नको, हे मला मान्य आहे. पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्थेत धर्मशिक्षण देता येत नाही, असं घटनेचं 28 वं कलम सांगते, आणि ते योग्यच आहे. शिवाय हॉस्टेलच्या दारात पाद्री दिसला की 'धर्मांतर' हा शब्द लगेच कुजबुजला जातो, तेही ठाऊक आहे. म्हणून गेटबाहेरचंच मागते. विद्यार्थ्यांसाठी नेमलेला एक फादर, ज्याचा फोन परीक्षेच्या दिवसांतही लागेल. जवळच्या धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) रविवारी संध्याकाळी एक मिस्सा, कारण सकाळी ही मुलं उठत नाहीत (आमची तरी कुठे उठत होती!). आणि मिस्सेनंतर जेवण. मेसला रविवारी रात्री सुट्टी असते, हे सांगायला धर्मशास्त्र लागत नाही.

तोवर आमच्या घरी महिन्यातल्या पहिल्या रविवारी चार ताटं जास्तीची वाढली जातील. मागच्या खेपेला सहा मुलं आली, त्यातली दोन कॅथलिक नव्हती. फुगे (आमच्याकडचे तळलेले गोळे) आणि चिकन सगळ्यांनी सारखंच संपवलं.

— एक वाचक, सेमिनरी हिल्स, नागपूर